दहा मिनिटांचा ओनोफ्रे

आचावच्या वाचनालयात एदुलिया बार्रिया सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होती. त्यातले कितीतरी मंगळवार तिने माणसांना खुर्चीवरून उठवण्यातच घालवले. मंगळवारी बेटांवरच्या बायाबापड्या बोटीने बाजाराला येत आणि बाजार उरकला की वाचनालयात शिरत. वाचायला कोण येतंय! विद्यापीठाच्या लोकांनी चिलोएच्या बेटाबेटांवर हिंडून गावठी बटाट्यांची एक सीडी केली होती. त्यात बटाट्याचा फोटो आणि तो पिकवणाऱ्याचा आवाज. सीडी एकच, ती चालणारा संगणक एकच, आणि परतीची बोट तीनची. म्हणून माणशी दहा मिनिटं.

म्हातारी क्लोरिंदा मान्सिया ऐकायची ती आपल्या वारलेल्या नवऱ्याला, ओनोफ्रेला. पण गडी बोलला होता चौदा मिनिटं, आणि मधूनच ऐकायची सोय त्या सीडीत नव्हती. बटाटे क्लोरिंदाच्या माहेरचे, आणि हा पठ्ठ्या पहिल्यापासून "माझे बटाटे, माझे बटाटे" करत सुटलेला. दहाव्या मिनिटाला रांगेतले खाकरायला लागले की ती "चोर कुठला" असं पुटपुटत उठायची. शेवट तिने कधी ऐकलाच नाही. तिला उठवताना एदुलियाला स्वतःचीच लाज वाटे.

त्या हिवाळ्यात म्हातारीची तब्येत ढासळली. पुढच्या वर्षी ती बोटीत चढेल याची खात्री नव्हती. एदुलियाने विद्यापीठाची परवानगी आणली, सीडी मोठ्या संगणकावर उतरवली आणि तिथून वाचनालयातल्या सहाही संगणकांना जोडून दिली. पण घोडं अडलंच. जिथे उघडावं तिथे "सीडी घाला" एवढंच उत्तर. नगरपालिकेचा नोल्बेर्तो म्हणाला, जुनं खोड आहे, फेकून द्या. तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

चार दिवस डोकं खाजवल्यावर तिच्या लक्षात आलं, की सीडी पूर्वी संगणकाच्या 'डी' नावाच्या खणात असायची आणि सीडीतला कार्यक्रम तिला अजून तिथेच शोधतोय. तिने जिथे 'डी' होता तिथे त्याचं नाव बदललं आणि 'डी' हे नाव मोठ्या संगणकावर उतरवलेल्या सीडीला दिलं. सहाही पडद्यांवर बटाटे उगवले.

मंगळवारी रांग लागलीच नाही. क्लोरिंदा कोपऱ्यात बसली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून हेडफोनचा आवाज इतका मोठा ठेवलेला की शेजारी उभ्या एदुलियालाही सगळं ऐकू येत होतं. दहा मिनिटं झाली तशी म्हातारी सवयीने उठायला लागली. एदुलियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा. आज मागे कुणी थांबलेलं नाही."

तेराव्या मिनिटाला सीडीत विद्यापीठाच्या कुणीतरी ओनोफ्रेला विचारलं, कागदावर नाव कुणाचं घालू? त्यावर ओनोफ्रे म्हणाला,

"बायकोचं घाला. बियाणं तिने माहेराहून ओच्यात बांधून आणलं. मी नुसता खणतो. तिच्यासमोर कबूल करायला मात्र सांगू नका, डोक्यावर बसेल."

क्लोरिंदाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"चोर म्हणत होते गं मी त्याला," ती म्हणाली. "लाव परत. पहिल्यापासून."