बावीस खाने गप्प

बायको म्हणते, ह्या माणसाला गप्प करायचं तर तोंडात क्लॅरोनेट द्यावं लागतं. खोटं नाही. पण तोंडात क्लॅरोनेट असूनही गप्प बसायचं, हे काम आयुष्यात एकदाच माझ्यावर आलं आणि तेच मला जमलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, अजून आठवलं की कान गरम होतात.

जालन्यात आमचा लग्नाचा बँड होता. लाल कोट, जरीची दोरी, चौदा माणसं. आमचे मास्तर मूळ हैदराबादचे, निजामाच्या फौजी बँडात वाढलेले. फौज मोडली तसे जालन्याला आले आणि इथलेच होऊन गेले. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं कमी झाली, तेव्हा मास्तरांनी आम्हाला रिकामं बसू दिलं नाही. कागदावरून वाजवायला शिकवलं. पाच आडव्या रेघा, त्यांना मधूनमधून उभ्या रेघा. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला मास्तर खाना म्हणायचे. खान्यात काळे ठिपके असले की वाजवायचं. खाना रिकामा असला की मनात मोजत पुढं सरकायचं. ठिपके मी महिन्याभरात शिकलो. रिकाम्या खान्यांनी मात्र माझा पिच्छा पुरवला.

आता दादांचं सांगतो. दादा म्हणजे माझे वडील. वाटूरकडच्या आमच्या गावात ते सनई वाजवायचे. मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं, सगळ्यांची पंगत उठली की शेवटी जे उरेल ते जेवायचं. चुकलं तर शिव्या. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दादांनी सनई ठेवून दिली ती कायमची. गाव सोडून जालन्यात कापसाच्या जिनिंगवर कामाला लागले. अशा माणसाचा मुलगा बँडात शिरला. दादांनी मला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. पण मी वाजवायला लागलो की उठून बाहेर जायचे. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर सांगायचे, "माझ्यासंगं जिनिंगमधी हाये." जाफराबादहून मला मुलगी द्यायला पाहुणे आले तेव्हा माझा लाल कोट त्यांनी स्वतः घडी करून गोधड्यांखाली दडवला. मी तिथंच उभा होतो. त्या दिवशी दादांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या ताटाशेजारी बसलो नाही. एकदा तरी त्यांनी आपल्याला वाजवताना ऐकावं, एवढंच मला हवं होतं, आणि तेच मागायची हिंमत होत नव्हती.

मिशनच्या दवाखान्यात एक मोठ्या नर्सबाई होत्या. त्यांची धाकटी बहीण मुंबईला व्हायोलिन वाजवायची. साठ-सत्तर माणसांच्या सिंफनीत, तेही पुढं उभं राहून एकटीनं. ती बहिणीकडे पंधरा दिवस राहायला येणार, हे मास्तरांच्या कानावर आलं. झालं. टोपी हातात घेऊन मास्तर दवाखान्यात हजर. आमच्या ऑर्केस्ट्राबरोबर तुमची बहीण वाजवील का, असं त्यांनी विचारलं. जालन्यात ऑर्केस्ट्रा आहे हे नर्सबाईंना माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

व्हायोलिनवाल्या बाई तालमीला आल्या. साधी सुती साडी, आखूड केस, चाळिशी उलटलेली. आमचा पहिला सूर ऐकला आणि थांबल्या. मला वाटलं, आता हसतील. आमची वाद्यं जुनी, सूर जरा चढेच लागायचे. मुंबईच्या सुराशी ती काही केल्या मिळेनात. बाईंनी एक अक्षर न बोलता आपल्या तारा पिळून आमच्या सुराला आणल्या. एवढ्या मोठ्या वाजवणारीनं लग्नाच्या बँडावर आपलं वाद्य लावून घेतलं. कुणाचे उपकार मानायचे तर तिथूनच मानायला पाहिजेत.

मास्तरांनी जुन्या आठवणीतून एक मोठी रचना आमच्यापुरती कागदावर उतरवली होती. तिच्या मध्यावर आम्ही सगळ्यांनी थांबायचं आणि बाईंनी एकटीनं वाजवायचं. बावीस खाने. तालमीत आम्ही एकदाही बावीसपर्यंत पोचलो नाही. कारण सांगतो. वरातीत बँडाचा एकच कायदा, सूर तुटू द्यायचा नाही. कॉर्नेटवाल्याचा दम संपला की क्लॅरोनेटनं उचलायचं, क्लॅरोनेट थकलं की युफोनियमनं. क्षणभर गप्प झालात तर नवरदेवाचा काका येऊन गचांडी धरतो. दहा वर्षांची ही सवय. कुठं शांतता पडली की माझी बोटं आपोआप हलायची. मास्तर कपाळावर हात मारायचे. "मियाँ, चुप बैठना भी बजानाच है. इत्ती बात नहीं समझती?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी धीर केला. दादा भाकरी खात होते.

"दादा, उद्या मिशनच्या शाळेत वाजवून राह्यलो. खुर्चीवर बसून वाजवायचं हाये. ऐकणारे बी बसूनच ऐकणार."

दादांनी घास चावून संपवला. "लोक जेवत आसतील का तवा?"

"न्हाई. नुस्तं ऐकणार."

"दुसरं काईच न्हाई?"

"काईच न्हाई, दादा."

येतो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. पण रविवारी दुपारी चारला मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर तिसऱ्या रांगेत दादा. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, हात मांडीवर. आमच्या आळीतली चार-पाच माणसं मागं येऊन बसली होती. आज चांगलं झालं तर दादा मला बँडवाला म्हणून पदरात घेतील, आणि फसलं तर पुन्हा कधी ऐकायला यायचे नाहीत, हे मला बिलकुल स्पष्ट होतं.

हॉल भरला होता, पण चुकीच्या कारणानं. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर लोकांना वाटलं सिनेमाची गाणी असणार, नकला असणार. पहिला भाग संपला तेव्हा मागून एकानं सरळ विचारलं, "गानारी कुटं हाये?" लोक हसले. बाईसुद्धा हसल्या. मंग त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि आमचे बावीस खाने सुरू झाले.

मी बुटातल्या अंगठ्यानं मोजत होतो. पाच. सहा. बाई काय वाजवत होत्या ते मला सांगता यायचं नाही. हॉलमधली कुजबुज बंद झाली, एवढं खरं. अकरा. बारा. मी दादांकडे बघितलं. ते पुढं वाकून ऐकत होते, डोळे मिटलेले. त्यांना असं ऐकताना मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि त्या नादात माझी मोजणी सुटली.

तेवढ्यात बाई थांबल्या. गज तारेवरून उचलला आणि हवेत धरला. तो थांबा कागदावर होता, मास्तरांनी दहादा सांगितलेला होता. पण मला दिसली ती फक्त शांतता. मला वाटलं, बाईंचा सूर तुटला. आणि दहा वर्षांची सवय उठून उभी राहिली. मी फुंकर घातली. चार सूर, चांगले ठणठणीत, त्या शांततेच्या बराबर मधोमध.

बाकी कुणीच वाजवलं नाही. मास्तरांचा हात हवेत तसाच राहिला, चेहरा पांढराफटक. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर दादांनी डोळे उघडले होते. सगळ्या हॉलला कळलं नसेल, पण त्या माणसाला कळलं होतं. सनईवाल्याला चुकलेली जागा सांगावी लागत नाही.

आणि बाईंनी माझे चार सूर वाजवले. तेच, पण हलके, लांबवून. मंग त्यांनाच जरा वळवून पुन्हा वाजवले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. या, म्हणाल्या जणू. मी वाजवलं. त्यांनी उत्तर दिलं. असं तीनदा झालं. माझे सूर लागत होते. चौथ्यांदा त्यांनी मला तिथंच सोडलं, हळूच आपल्या कागदावर परतल्या आणि उरलेले खाने एकटीनं पुरे केले. शेवटी आम्ही सगळ्यांनी एकदम सूर उचलला तो बराबर जागेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं असेल.

त्या बाई पुन्हा मला कधी भेटल्या नाहीत. मी नंतर तीस वर्षं वाजवलं, पोरंबाळं वाढवली, चार लोकांत मान मिळाला. त्यातलं निम्मं तरी त्यांचं देणं आहे, असं मी मानतो. त्यांनी ठरवलं असतं तर नुसतं माझ्याकडे रोखून बघून मला कायमचं संपवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

कार्यक्रम संपला. बाई फडक्यानं व्हायोलिन पुसत होत्या. मी माफी मागायला गेलो तर माझ्या आधी दादा तिथं पोचलेले. त्यांनी हात जोडून जयभीम घातला. मी मनात म्हटलं, आता काय होतं कोण जाणे.

"बाई," दादा म्हणाले, "मधी जे क्लॅरोनेट वाजलं ते कागदावर नव्हतं."

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

"मंग तुमी त्याच्यासंगं का वाजवलं?"

बाईंनी फडकं बाजूला ठेवलं. "तो एकटा पडला होता ना."

दादांनी त्या व्हायोलिनकडे बघितलं. मंग सावकाश म्हणाले, "मी लई साल वाजवलं, बाई. चुकलो तवा कुणी संगं आलं न्हाई."

बाईंनी विचारलं, "तुम्ही ह्याचे कोण?"

आमच्या आळीतली माणसं आमच्या मागंच उभी होती. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझा लेक हाये ह्यो. जिनिंगमधी न्हाई. बँडात वाजवतो."