रोझीटीचरची अँबॅसेडर

रोझीटीचरची गाडी डावीकडे वळली की अख्ख्या पापडी गावाला कळायचं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की हॉर्न आपोआप वाजायला लागायचा आणि ते सरळ होईपर्यंत थांबायचा नाही. उजवीकडे वळताना मात्र चकार शब्द नाही. मी एकदा विचारलं, "टीचर, हे दुरुस्त का नाही करून घेत?"

"दुरुस्त काय करायचं? वळताना हॉर्न वाजवावाच लागतो. ती आपणहून वाजवते, माझं एक काम वाचतं."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे मी आहे ना!" असं म्हणून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पुढच्या सायकलवाल्याला असा आवाज दिला, की तो बिचारा सायकलसकट गटाराच्या काठावर जाऊन उभा राहिला. गाडी सरकारी तपासणीला नेली तेव्हा तिथल्या साहेबांनीही हॉर्न वाजवून दाखवायला सांगितलं होतं म्हणे. टीचरनी गंभीर चेहऱ्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. साहेब समाधानाने पुढच्या गाडीकडे गेले.

ही गाडी म्हणजे साईच्या रंगाची, गोल पाठीची अँबॅसेडर. टीचर राहायच्या होळी नावाच्या नाक्याजवळच्या एका वाडीत आणि आमची शाळा पुलापलीकडे, पूर्वेला, सातिवलीच्या कारखान्यांच्या बाजूला. मी लग्न होऊन पापडीला आले आणि त्या शाळेत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात बसथांब्यावर उभी होते, तर ही गाडी समोर येऊन थांबली. काच अर्ध्यावर अडकलेली. त्या फटीतून चष्मा लावलेला एक चेहरा म्हणाला, "नवीन बाई ना तुम्ही? साळवीबाई? बसा. दार बाहेरून उघडत नाही, थांबा." आतून दार उघडलं. मी बसले आणि घरच्या सवयीने दार धाडकन ओढलं. टीचरनी गाडी सुरूच केली नाही. "दार आपटायचं नाही, बाई. लहान मुलाचा हात धरून आत घेतो ना, तसं घ्यायचं. परत करा." मी परत केलं. त्या दिवसापासून आजतागायत मी कुठल्याही गाडीचं दार आपटू शकलेले नाही. रिक्षाला दार नसतं म्हणून बरं.

मागच्या सीटवर आमचे गणिताचे पाटीलसर मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन बसलेले असत. पूल चढून गाडी पलीकडे उतरली की इंजिन तापायचं. मग टीचर गाडी बाजूला घेऊन म्हणायच्या, "सर, तिला पाणी." सर निमूटपणे उतरून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. बसने गेलो तर आपण रोज लवकर पोचू, असं त्यांनी फळ्यावर गणित मांडून मला सिद्ध करून दाखवलं होतं. पण निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी बस काही पकडली नाही. आम्हा सगळ्यांशी टीचर पुस्तकी मराठीत बोलायच्या. गाडीशी मात्र वाडीतल्या घरच्या बोलीत. त्यातलं मला निम्मंही कळत नसे, पण सूर ओळखीचा होता. माझी सासू गाभण म्हशीशी त्याच सुरात बोलायची.

गाडी खरं तर त्यांच्या नवऱ्याची. जोकीमकाका बोटीवर कामाला होते. नोकरी सोडून आले ते ही गाडी घेऊनच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती वाडीतल्या बावखलात, म्हणजे बागायतीसाठी पाणी साठवायच्या तळ्यात, घातली. स्वतः बदकांच्या मधून पोहत बाहेर आले. गावाने दोर लावून गाडी ओढून काढली. काकांनी किल्ली घरातल्या वेदीवर मदर मेरीच्या पायाशी ठेवली आणि जाहीर केलं, "समुद्रात मी एकदाही बुडालो नाही. जमिनीवर बुडायची मला हौस नाही." टीचर शाळेतून आल्या, त्यांनी साडीचा पदर खोचला, मदर मेरीची क्षमा मागितली आणि किल्ली उचलली. भातकापणी झालेल्या शेतात त्या महिनाभर एकट्या गोल गोल फिरत होत्या. मग एका रविवारी थेट मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, गाडी घेऊन गेल्या. फादर प्रवचन थांबवून खिडकीतून बघत राहिले, असं काका सांगायचे. काका हे सांगायचे म्हणून मी त्यातलं निम्मं सोडून देते.

त्यानंतर काका कायम मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी. पुढे बसलो तर पाय आपोआप ब्रेक शोधतात, असं त्यांचं म्हणणं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर हॅट, आणि पुढे गाडी चालवणारी बायको. अनोळखी लोकांना ते मोठे साहेब वाटायचे. एकदा नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली, टीचरचं लायसन पाहिलं आणि मागे वाकून अदबीने विचारलं, "साहेब, बाई ड्रायव्हर ठेवलीत?"

काका म्हणाले, "नाही हो. बाईंनी मला ठेवलाय."

पाटीलसरांच्या मुलीच्या लग्नात तर या गाडीने इतिहासच घडवला. नवरी हॉलवर न्यायची ती आपल्याच गाडीतून, असा टीचरचा हट्ट. सरांना नाही म्हणायची सोय नव्हती. झेंडूच्या माळा लावलेली अँबॅसेडर पुलाच्या अर्ध्या चढावर आली आणि शांतपणे बंद पडली. मागून नवऱ्याकडची नवी कोरी गाडी आली. त्यातून मुलाचे मामा उतरले, अंगात सूट, डोक्याला फेटा. "नवरीला आमच्या गाडीत द्या, मुहूर्त चाललाय." टीचर खाली उतरल्या. "माझ्या गाडीतून निघालेली मुलगी माझ्याच गाडीतून उतरेल. तुम्ही मुलाचे मामा ना? मग हात लावा." इयत्ता चौथीला बोलावं तशा आवाजात त्या बोलल्या आणि मामांनी खरोखरच सूटसकट हात लावला. मामांबरोबर आणखी चारजण, शेवटी नवरीचे वडीलही. गाडी चढाच्या टोकाला पोचली, पलीकडच्या उतारावर तिने एक आचका दिला, सुरू झाली आणि निघूनच गेली. ढकलणारे सगळे पुलावर राहिले. नवरी मुहूर्तावर पोचली, नवरीचे वडील पोचले नाहीत. अक्षता पडल्यावर ते रिक्षातून उतरले तेव्हा टीचर त्यांना म्हणाल्या, "सर, तुम्हीच मागे राहिलात. गाडीचा काही दोष नाही."

टीचरचा मुलगा ग्लेन कॅनडात स्थायिक झाला. जोकीमकाका गेले त्या वर्षी त्याने आईसाठी नवी गाडी घेऊन दिली. गिअर नसलेली, एसीवाली, मागचं पडद्यावर दाखवणारी. टीचरनी तिचं मनापासून स्वागत केलं. मे महिन्यात दुपारी त्या तिच्यात एसी लावून बसायच्या, जपमाळ ओढायच्या, थोडी डुलकी काढायच्या. मग उतरून अँबॅसेडर काढून बाजाराला जायच्या. ग्लेनने फोनवर विचारलं, "मम्मी, नवी गाडी आवडली ना?" त्या म्हणाल्या, "छान आहे रे. बसायला एकदम आरामाची. जायला आपली आहेच."

आम्ही दोघी निवृत्त झालो, तरी शुक्रवारी पापडीच्या बाजाराला बरोबर जायचो. तेव्हाच मला पहिल्यांदा शंका आली. चालवता चालवता त्यांनी विचारलं, "साळवीबाई, पुढे ती म्हैस आहे की टेम्पो?"

"टेम्पो."

"मग बाजूला होईल."

मी हसले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी विजेच्या खांबाला हात करून "कसा आहेस, ॲलेक्स?" म्हटलं. डॉक्टरांकडे नेलं तर काचबिंदू. जेवढी नजर गेली होती ती परत येणार नव्हती आणि राहिलेलीही हळूहळू जाणार होती. टीचरनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन गाडीत उजवीकडे बसल्या. मी म्हटलं, "टीचर, आता..." त्या म्हणाल्या, "मला रस्ता पाठ आहे."

ग्लेन मला फोन करायचा, "मावशी, तुम्हीच सांगा तिला." त्याला कॅनडातून सांगायची हिंमत होत नव्हती, मला शेजारून कशी होणार? शेवटी पाटीलसरांनी एक वायर काढून ठेवायची युक्ती केली. टीचर आल्या, किल्ली फिरवली, क्षणभर कान दिला आणि बॉनेट उघडायलाही न जाता म्हणाल्या, "सर, काढलेली वायर परत लावा. गणिताच्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये." सरांनी खिशातून वायर काढून लावली. वर रेडिएटरमध्ये पाणीही घातलं.

मग तो शुक्रवार आला. बाजाराच्या तोंडाशी डाव्या बाजूला कुंदा बसली होती. होळीकडच्या बागायतदारांच्या घरातली ही बाई, केळी, केळफुलं, अळू घेऊन दर आठवड्याला तिथेच बसायची. मी "टीचर!" म्हणून ओरडेपर्यंत पुढचं चाक तिच्या टोपलीवरून गेलं होतं. कुंदा उडी मारून मागे सरकली म्हणून वाचली. गाडी थांबली. माणसं जमली. आता टीचर नेहमीसारखं कुंदालाच रस्त्यात बसल्याबद्दल झापणार, अशा तयारीने सगळे उभे होते.

कुंदा म्हणाली, "टीचर, दिसलं नाय काय?"

टीचर गाडीतून उतरल्या. हाताने चाचपत तिच्यापाशी आल्या, तिचे दोन्ही दंड धरून तिला कुठे लागलंय का ते बघितलं. मग म्हणाल्या, "नाही गो. दिसलं नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं काही कबूल करताना ऐकलं नव्हतं. त्या तिथेच धुळीत बसल्या आणि चिरडलेली अळूची पानं गोळा करायला लागल्या. निम्मी त्यांच्या हाताला लागत नव्हती. कुंदा म्हणाली, "असू द्या, टीचर, पालाच तर हाय." तरी त्या गोळा करतच राहिल्या. मग उठून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी चालवायला मी कधीकाळी शिकले होते तेवढंच, ती वाडीपर्यंत कशी नेली ते मला आठवत नाही. टीचर डावीकडे बसल्या होत्या आणि सबंध रस्ता त्या मला एकदाही रागावल्या नाहीत. मला त्याचंच जास्त रडू आलं.

पुढे बरेच दिवस गाडीवर चादर होती. विकणार, असं गावात बोललं जाऊ लागलं. कुंदा मध्येच एकदा केळीची फणी घेऊन टीचरना भेटायला गेली. टीचरनी विचारलं, माल बाजारात कसा आणतेस? ती म्हणाली, रिक्षाने, पण रिक्षावाले निम्म्या टोपल्या खाली ठेवायला लावतात.

"मग ही चालवशील?"

"मी? टीचर, मला सायकल पन येत नाय."

"सायकल पडते. हिला चार चाकं आहेत, ही पडत नाही."

आठ दिवसांनी मला आणि पाटीलसरांना निरोप आला, शेतात या. कापणी झालेल्या शेतात अँबॅसेडर उभी, पुढे शिकाऊची लाल अक्षराची पाटी, स्टिअरिंगवर कुंदा, आणि डावीकडे टीचर डोळे मिटून बसलेल्या. पाटीलसरांना छत्री देऊन शेताच्या मधोमध उभं केलं. त्यांनी खांब व्हायचं आणि कुंदाने त्यांना वळसा घालायचा. पहिल्या फेरीत खांब पळाला. टीचर ओरडल्या, "सर, खांब जागेवर राहतात!" मग कुंदाला म्हणाल्या, "रस्ता तू बघ, इंजिन मी ऐकते. ऐकलंस? कण्हतेय ती. गिअर बदल. हां. आता बघ कशी गप्प झाली." कुंदाच्या कपाळावर घाम आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम होतं. संध्याकाळपर्यंत तिने खांबाला तीनदा वळसा घातला आणि खांब घरी जायला निघाला तेव्हा त्याला मागे बसवून सोडूनही यायला निघाली. टीचरनी थांबवलं, म्हणाल्या, "आधी लायसन."

लायसन निघालं. वाडीतल्या लोकांना सुरुवातीला नवल वाटलं, मग सवय झाली. शुक्रवारी डिकीत टोपल्या, मागच्या सीटवर केळीचे घड आणि पुढे कुंदाच्या शेजारी टीचर. ग्लेनची नवी गाडी टीचरनी कधीच पाटीलसरांच्या मुलीला देऊन टाकली होती. त्यांच्या मते ती दमलेल्या माणसांसाठी होती.

गेल्या वर्षी डोळ्यांपुढचा उजेड फारच कमी झाला आणि ग्लेन आईला न्यायला आला. या वेळी त्या नाही म्हणाल्या नाहीत. विमानतळावर कुंदानेच नेलं. मी आणि सर मागे बसलो होतो. तिथे गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत, शिट्ट्या वाजायला लागल्या. टीचर उतरल्या, बॉनेटला वळसा घालून कुंदाच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या गिअरात फार ओढू नको तिला." बस. आमच्या गळ्यात पडल्या, ग्लेनचा हात धरला आणि आत निघून गेल्या.

मला वाटलं होतं, त्या मला फोन करतील. करतात, पण दिवाळीला आणि नाताळला. कुंदाला मात्र दर रविवारी येतो. एका रविवारी सकाळी मी अळू आणायला तिच्याकडे गेले होते, तेव्हा बघितलं. फोन वाजला तशी कुंदा हात पुसत अंगणात पळाली, गाडी सुरू केली आणि बॉनेट उघडून फोन आत धरला. कोंबड्या पांगल्या. फोन स्पीकरवर होता, पलीकडे टीचर इंजिन ऐकत होत्या.

मग टीचर म्हणाल्या, "सर्दी झालीय तिला. प्लग साफ कर."

"करते, टीचर. बंद करू?"

"नको गो. थोडा वेळ राहू दे चालू."

कुंदाने फोन तसाच धरून ठेवला. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उभी राहिले.