उरणच्या गाळातला काचेचा स्पंज

सातारा स्टँडवर सकाळी सहाच्या पनवेल गाडीत चढलो तेव्हा माझ्या हातात शालीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती. कंडक्टरने ती वर टाकायला सांगितलं. मी ऐकलं नाही, मांडीवरच घेऊन बसलो. शेजारचे गृहस्थ पाटणकडचे होते. वाशीच्या मार्केटात हमाली करायचे आणि गावची जत्रा उरकून परत निघाले होते. वाई फाट्यापर्यंत त्यांनी दम धरला.

"देव हायत का वो पेटीत?"

"काचपट्ट्या आहेत. त्यांच्यावर स्पंज आहेत, समुद्रातले. फार जुने."

"आंगुळीचा अस्तो त्यो?"

"त्याचा लांबचा चुलता म्हणा."

त्यांनी पेटीकडे एकदा नीट पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून ते झोपी गेले. माझ्या विषयाचा लोकांवर बहुधा हाच परिणाम होतो. बावीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवून मला त्याची सवय झाली आहे.

वाचकांना झोप येण्याआधी थोडक्यात सांगतो. स्पंज हा समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा प्राणी. त्याच्या अंगात हाडं नसतात, काचेच्या बारीक बारीक सुया असतात. त्यांना कंटिका म्हणतात. स्पंज मेला की मांस कुजतं, सुया सुट्या होऊन गाळात विखुरतात, आणि हजारो वर्षांनी आमच्यासारखा कुणीतरी तो गाळ आम्लात उकळून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. सुईवरून स्पंज ओळखायचा म्हणजे मांडवाबाहेरच्या चपलांवरून आत कोण पाहुणे जेवताहेत ते सांगण्यासारखं आहे. साधी, दोन्हीकडे टोक असलेली सुई पन्नास जातींत सापडते. पण एखादी चप्पल अशी असते की ती एकाच घराण्याची. तशी चप्पल मला सापडली होती.

झालं असं. माझी जुनी विद्यार्थिनी वंदना महाप्याच्या एका बोअरिंगच्या कंपनीत नोकरीला लागली होती. जमिनीत भोक पाडून खालची माती कशी आहे ते इमारती बांधणाऱ्यांना सांगायचं, हे त्यांचं काम. थंडीत तिने उरणजवळच्या एका गोदामाच्या पायासाठी घेतलेल्या बोअरमधला गाळाचा गोळा मला पाठवून दिला. खूप खोलचा, घट्ट, निळसर गाळ. त्यात सुया होत्या, चांदण्यांसारखे गोळे होते, आणि त्यांच्यामध्ये बैलगाडीच्या आसासारख्या काही कंटिका होत्या: मधे दांडी, दोन्ही टोकांना दातेरी चाकं. अशा कंटिका खोल समुद्रातल्या काचस्पंजात असतात. उरणच्या उथळ खाडीखाली खोल समुद्राचा प्राणी! मी त्यावर निबंध लिहिला, पुण्याच्या परिषदेने तो स्वीकारला, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून आलं. प्राचार्यांनी स्नेहसंमेलनात ते वाचून दाखवलं. आमच्या हिने साडी नेसून पुण्याला यायची तयारी केली. परिषदेला दहा दिवस उरले होते.

दोन गोष्टी मात्र टोचत होत्या. जुन्या सुया अंधुक आणि खरवडल्यासारख्या दिसत होत्या, त्यांच्या आतली नळी झिजून रुंद झाली होती. चाकंवाल्या कंटिका कालच घडवल्यासारख्या लखलखीत होत्या. शिवाय काचस्पंजाच्या कंटिकेत मधोमध नळीची एक बारीक फुली दिसावी लागते. ती मला दिसली नव्हती. कॉलेजचं यंत्र जुनं आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. तरी गाळाची जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, आणखी एक गोळा हाताने घ्यावा, म्हणून हा प्रवास.

पनवेलला दुपार झाली. वंदना स्टँडवर आली होती. ती भावाकडे कोपरखैरण्याला राहते. तिथे सगळ्या इमारती एकाच दिवशी जन्मल्यासारख्या दिसतात, आणि लोक पत्त्यात गल्लीऐवजी सेक्टर सांगतात. खालच्या अंगणात कुणीतरी तुळस, कडीपत्ता आणि शेवगा लावून सोसायटीचा नियम मोडला होता. तेवढंच मला ओळखीचं वाटलं.

"सर, टेन्शन घेऊ नका," वंदना चहा देताना म्हणाली. "उरलेले गोळे साइटवरच आहेत. ठमाबाय म्हणून एक आहे, तिच्या पडवीत आमच्या पेट्या असतात. उद्या डायरेक्ट जाऊ."

दुसऱ्या दिवशी वाशीहून उरणची बस धरली. रस्त्यात कंटेनरचे ट्रेलर एकामागोमाग उभे होते, त्यामुळे बस बराच वेळ जागेवरून हलली नाही. डाव्या हाताला एक टेकडी अर्धी खणून नेलेली होती, उरलेल्या अर्ध्या भागावर गुरं चरत होती. पुढे मिठागरं लागली. उथळ वाफ्यांत पाणी चकाकत होतं आणि बांधावर मिठाचे ढीग गवताने शाकारून ठेवले होते. वंदनाने खिडकीतून हात करून खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन) दाखवलं. त्यातला बराच भाग मुरूम टाकून भरून काढला होता, आणि आमची बोअर त्याच्याच कडेला होती.

बोअरच्या जागी आता काही नव्हतं. सिमेंटचा एक चौकोन आणि त्यावर बसलेलं कुत्रं. मी तरी त्याचा फोटो काढला.

ठमाबायचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, गावाच्या तोंडाशीच. पन्नाशीची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात मिठाने भेगाळलेले. माहेर आणि सासर दोन्ही मिठागरातली.

"या, बसा. ताईनी सांगला व्हता, सातारचे मास्तर येनार हायत म्हनून. आधी जेवा, मंग तुमचा चिखल बघा."

तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं. (निवटी म्हणजे चिखलात उड्या मारत चालणारा छोटा मासा.) ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ती पांढरी, मऊ भाकरी आधी पाहुण्यासारखी वाटली. तिसऱ्या भाकरीला ओळख झाली. कालवण तिखट होतं, नाक गळत होतं, आणि मी फार आनंदात होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढचा अर्धा तास तसा नव्हता.

पेटी उघडली. गोळे एकदम स्वच्छ होते, साबणाच्या वड्यांसारखे, एकेक ओल्या गोणपाटात बांधलेला. मला आलेला गोळाही असाच होता.

"छान ठेवलेत हो," मी म्हटलं.

"मंग! आले तवा नुसता खाऱ्या चिखलानं भरलेले व्हते. सातारला पाव्हन्याकडं असा घान धाडतात काय? मीच धुतले. खारा तसाच सुकला का पांढरा फुटते, गोला तरकते. म्हनून गोऱ्या पान्यात धुवाचा, नी गोऱ्या पान्याचा गोनपाट बांधाचा. मिठागरवाल्याला शिकवाय नको."

"गोडं पाणी कुठलं?"

"आमचा तला हाय ना मागं. गोनपाट तिथंच भिजत ठेवतंय."

वंदना माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तळं घरामागेच होतं. उन्हाळ्याने पाणी चार पायऱ्या खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर करडी-हिरवी, खरखरीत खपली धरली होती. एक भिजलेलं गोणपाट दगडाखाली दाबून ठेवलं होतं, त्याच्या विणीतही तीच. मी खपलीचा तुकडा नखाने काढून बोटांत चुरला. आत खसखशीसारखे पिवळट दाणे होते.

"त्याला हात नका लावू मास्तर, खाज सुटते!" ठमाबाय वरून ओरडली. "उन्हालात पोरा पोवाय जातात नी रडत येतात."

उशीर झाला होता. बोटं चुरचुरायला लागली होती. काचेच्या हजारो सुया कातडीत शिरल्यावर जे होतं तेच होत होतं. गोड्या पाण्यातही स्पंज असतो, हे मी दर वर्षी मुलांना एका वाक्यात सांगून पुढे जातो. त्याच्या त्या खसखशीच्या दाण्यांभोवती दोन चाकांच्या कंटिका असतात, हेही पुस्तकात आहे. पाहिला मात्र कधी नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा स्पंज त्याच्या राहत्या जागी पाहिला, तो माझा निबंध गिळत होता. तळ्याच्या पायरीवर बसून मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, पण वाटलं.

"मास्तर, माजा काय चुकला काय?" ठमाबाय खाली आली होती.

बाईने पाहुण्याची वस्तू घासूनपुसून, ओल्या फडक्यात बांधून पाठवली होती. नमुन्याची वरची साल तासल्याशिवाय उकळू नका, हे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वहीत पहिल्या पानावर मीच लिहून देतो. गोळा इतका स्वच्छ आला की मी तो तासलाच नव्हता, आणि गोणपाटातली चाकं गाळाबरोबर उकळली गेली होती.

"तुमचं नाही, माझं चुकलं," मी म्हटलं. "न धुतलेला एखादा गोळा राहिलाय का?"

एक होता. कोंबड्यांच्या खुराड्याच्या फळीला टेकण म्हणून लावलेला, वर चिखलाचं आणि कोंबड्यांचं जे काही असतं ते वाळलेलं. तोच घेतला. खपलीचा तुकडा कागदात बांधला. निघताना ठमाबायने सुक्या जवळ्याची पुडी दिली, तीही धुऊन, वाळवून.

संध्याकाळी महाप्याच्या ऑफिसात वंदनाने साहेबांची परवानगी काढली. मी गोळ्याची साल तासली, बोटभर तासली, आणि आतला गाळ उकळायला ठेवला. दुसऱ्या चंबूत तळ्याची खपली. त्यांचं सूक्ष्मदर्शक आमच्यापेक्षा चांगलं होतं. आधी गाळ पाहिला: अंधुक सुया, झिजलेल्या चांदण्या, उथळ समुद्रातल्या साध्यासुध्या जुन्या स्पंजांच्या. चाकं एकही नाही. मग खपली पाहिली. शेकडो चाकं, लखलखीत. मग पेटीतली माझी काचपट्टी काढून लावली. या भिंगातून दांडीच्या आतली बारीक नळी स्पष्ट दिसत होती. फुली नव्हती. यंत्राला उगीच नावं ठेवली होती मी.

"सर," वंदना हळूच म्हणाली, "कुणाला कळणार नाही. म्हणजे, पुण्यात कुणाला..."

"तुला कळलंय ना."

मग तिनेच खालचा एसटीडी बूथ दाखवला. परिषदेचे चिटणीस माझे ओळखीचे नव्हते, ते घाईत होते. निबंध मागे घेतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कारण काय लिहू?"

"नमुना फार स्वच्छ होता, असं लिहा."

"म्हणजे?"

"नमुना दूषित होता," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

परतीच्या गाडीत पेटी वर टाकली. खंडाळ्याचा घाट चढताना बोटं अजून चुरचुरत होती. घरी हिने साडी बाहेर काढून ठेवली होती. मी सांगितलं. तिने साडी घडी करून कपाटात ठेवली आणि जवळ्याची पुडी हुंगून पाहिली. "आणलंत ते बरं आहे," म्हणाली. प्राचार्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

खुराड्याच्या गोळ्यातल्या साध्या स्पंजांवर मी दोन पानी टिपण लिहिलं. ते कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. काचपट्टीवरचं काचस्पंजाचं लांबलचक नाव खरवडून तिथे 'ठमाबायचं तळं' अशी चिठ्ठी चिकटवली. आता दर वर्षी नव्या मुलांना मी चिठ्ठी झाकून तीच काचपट्टी आधी दाखवतो. हा गाळ उरणचा, खूप खोलचा, एवढंच सांगतो आणि म्हणतो, हवं ते विचारा. हुशार मुलं खोली विचारतात, आम्ल विचारतात, भिंगाचा नंबर विचारतात, आणि काचस्पंज म्हणून लिहून देतात. गोळा कुणी धुतला होता, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं.