सहावी खुर्ची

अकरा वर्षं डोरीन ऑर्मरॉड शाळेच्या नियामक मंडळावर होती आणि अकरा वर्षांत तिने एकही सभा चुकवली नव्हती. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा काळा कोट घालून आली आणि मुलांच्या संडासाच्या गळक्या छपरावरून भांडून गेली. एरवी ती सकाळ-दुपार शाळेसमोरच्या चढावर गोल पाटीची काठी घेऊन उभी असते, गाड्या अडवते आणि पोरांना रस्ता ओलांडून देते.

त्या चढावर उभं राहिलं की सगळं कळतं. कुणाचा बाप घर सोडून गेला, कुणाच्या पायात थोरल्या भावाचे बूट आहेत, कोण उपाशीपोटी आलंय. डोरीन हे मंडळात येऊन सांगायची. शाळेत सकाळी घंटेआधी मिळणारा टोस्ट तिनेच भांडून सुरू करून घेतला होता. मंडळावर वस्तीतर्फे एक माणूस असायचं, ते माणूस म्हणजे डोरीन.

मग लंडनहून फर्मान आलं. मंडळं लहान करा, वस्तीचे प्रतिनिधी नकोत, कौशल्य असलेली माणसं घ्या. ज्याला राहायचंय किंवा नव्याने यायचंय त्याने तक्ता भरावा. सतरा कौशल्यं, आणि प्रत्येकासमोर शून्य ते तीन गुण आपले आपणच द्यायचे. आता या लँकशायरच्या गावात स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. जेवण कसं झालं विचारलं तर लोक "वाईट नाही" म्हणतात, आणि ताट चाटूनपुसून साफ केलेलं असतं. डोरीन तिथेच फसली. कायदा शून्य, हिशेब शून्य. "परिसराची माहिती" या ओळीशी ती पेन्सिल धरून बराच वेळ बसली. गिरणीमागच्या गल्लीत नवीन कोण राहायला आलंय ते तिला अजून ठाऊक नव्हतं. तिने प्रामाणिकपणे एक लिहिला.

त्याच ओळीत ज्युलियन फॅरंट नावाच्या सल्लागाराने स्वतःला तीन गुण दिले. हा गृहस्थ सहा मैलांवर, विजेवर उघडणाऱ्या फाटकाआड राहतो. गावात तो येतो तो गाडीत पेट्रोल भरायला.

गुरुवारी साडेपाचला सभा भरली. बारांपैकी सहा जण आले. बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे न येण्याबद्दल माफी कळवली होती, ती वाचून मंजूर झाली. मग अध्यक्ष हेस्केथ यांनी ठराव वाचला. नऊ जागा, नऊ नावं. पहिलं नाव फॅरंटचं, एक्कावन्नपैकी त्रेचाळीस गुण. डोरीनचं नाव नव्हतं. तिच्या पुढ्यातल्या कागदावर तिची बेरीज होती, चार.

तळपायाची आग मस्तकात गेली तरी ती आधी टोस्टचं विचारून बसली. उद्यापासून उपाशी पोरांची गोष्ट इथे कोण बोलणार? हेस्केथ म्हणाले, ते बघता येईल. अकरा वर्षं ती "बघता येईल" ऐकत आली होती, आणि दरवेळी पुढच्या सभेला येऊन तिनेच ते बघायला लावलं होतं.

"मनाला लावून घेऊ नका, डोरीन," हेस्केथ मायेने म्हणाले. "तुमच्यासाठी केक आणलाय. आधी हात वर करून ठराव उरकू या."

म्हणजे तिनेच हात वर करून स्वतःला काढायचं, आणि वर केक खायचा. काय ही माणसं! ती उठली आणि खुंटीवरचा कोट काढून घालू लागली.

सभेचं टिपण लिहिणाऱ्या गिलियनने मान वर करून टेबलाभोवतीची डोकी मोजली. "साहेब, डोरीन गेली तर पाचच उरतात. कोरमला सहा लागतात. ठराव करता यायचा नाही."

हेस्केथचा चेहरा पडला. "बसा हो पाच मिनिटं. तुमच्याशिवाय सभाच होत नाही."

"अस्सं? मग तक्त्यात ही ओळ का नव्हती?" डोरीन बटणं लावत म्हणाली. "तीन दिले असते मी स्वतःला."

ती दारापाशी पोचली तेव्हा गिलियनने सवयीने विचारलं, "डोरीन, तुझी माफी लिहू ना गं?"

"मी कशाला माफी मागू? नुसतं लिही, उठून गेली."

केक तसाच राहिला. पुढची सभा बोलवायची तर सात दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे पुढचा गुरुवार. सात दिवसांत शाळेचे पाच, म्हणजे डोरीनच्या दहा पाळ्या. शुक्रवारी सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी चढावर जाऊन उभी राहिली आणि पहिली आई दिसताच काठी आडवी धरून म्हणाली, "थांब जरा. पुढच्या गुरुवारी साडेपाचला काय करतेयस?"