इंचवाचा पाला

आमच्या शेजारचा म्हातारा इंचू उतरवतो, पण पाला कोणत्या झाडाचा ते कुणालाच सांगत न्हाई. भिंतीकडं तोंड करून चावतो आन् चोथा डंखावर दाबतो. नाव सांगितलं की गुण जातो म्हणं! खुद्द तालुकदार साहेबानं इचारलं, तवाबी नाकातून बोलला, "हुजूऽर, गुण जाईऽल." ही नक्कल मी पारावर करतो, लोक पोट धरून हसतात. माझं मातर डोस्कं फिरतं.

परवा त्याच्याच नातवाला इंचू चावला. म्हाताऱ्याचा पाय मुरगळलेला. सून रडत म्हणली, "मामंजी, झाडाचं नाव सांगा, मी पळत जाऊन आणते."

"न्हाई. गुण जाईल."

पोरगं घरात तडफडतंय, आन् मी ह्याला पाठकुळी घेऊन मांजरसुंब्याचा डोंगर चढतोय! वर गेल्यावर ह्यानं पटका सोडला आन् माझेच डोळे बांधले, पाला खुडून झाल्यावरच सोडले. उतरताना माझ्या पाठीवर बसून पाला चावत होता, हिरवी लाळ माझ्या मानेवर.

पोरगं निवांत झोपलं, तवा मी वरडलो, "आबा, उद्या तुमी मेल्यावर लोकांनी काय करायचं?"

पाय चोळत म्हणला, "इंचवापासून लांब ऱ्हायचं."