खोट्या वर्दीने थांबलेल्या हातोड्या

आमच्या तांबट आळीत दिवसा कुणी कुणाला हाक मारत नाही. ऐकूच येत नाही. सकाळी भट्ट्या पेटल्या की हंडे, घागरी, तपेली ठोकायचं काम सुरू, ते दिवेलागणीपर्यंत. आळीत कुणी गेलं तरच हातोड्या थांबतात. मढं आळीबाहेर पडेपर्यंत कुणी ठोका घालत नाही. एकदम शांत झालं की बायका दारात येऊन विचारतात, "कोण गेलं?"

आता सांगतो ते व्हायच्या वर्षभर आधी पंचांनी मला वाळीत टाकलं होतं. मी भर बैठकीत म्हणालो होतो, की मोठ्या पंचाच्या घागरींच्या काठात शिसं भरलेलं असतं, म्हणून त्या वजनाला जड. खरं होतं ते. पण माझं तोंडच असं, की खरं बोललो तरी शिवी दिल्यासारखं लागतं. आळी बोलायची बंद झाली. मूलबाळ आम्हाला नाही. घरात मी आणि ही. मला काही फरक पडत नाही असं मी म्हणायचो. हिला पडला. एकदा जेवताना म्हणाली, "अहो, मी गेले तर थांबवतील का हो हातोड्या?"

"मेल्यावर तुला काय ऐकू येणारे?" मी म्हणालो.

ती भाकरी तशीच ठेवून उठली. ते वाक्य मला आता परत घेता येत नाही.

उन्हाळ्यात हिच्या पोटात दुखायला लागलं. रात्रभर लोळली. सकाळी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. न्या म्हणजे कसं? आम्ही राहतो माडीवर. जिना शिडीसारखा उभा, एकच माणूस अंग तिरकं करून चढतो. ही अंगानं जड, आणि हात लावला की ओरडायची. बाजारातून दोन हमाल आणले. जिना बघून एक म्हणाला, "म्हातारबा, हे पोतं नाय, माणूस हाय. हातातून सुटलं तर?" गेले दोघं. शेजारच्या दारात उभा राहिलो. शेजाऱ्यानं मान खाली घालून ठोकणं चालू ठेवलं. मी दुसऱ्या दारात गेलोच नाही. अकड.

अशी दुपार झाली. मग मला सुचलं, की उंचावरून माणसं उतरवायचं काम आगीच्या बंबाची माणसं करतात. त्यांच्याकडे शिड्या असतात, दोर असतात. पण दुखण्याला ते येत नाहीत. आगीला येतात.

मी बंबाच्या चौकीवर गेलो आणि घंटा वाजवली. "तांबट आळीत आग लागली," म्हणालो.

बंब आळीत शिरला तशा एकेक करून सगळ्या हातोड्या थांबल्या. माणसं बाहेर आली. बंबावरचा जमादार मुसलमान होता, तगडा. वर आला, इकडंतिकडं बघितलं. "कुठंय आग, बुढ्ढे?"

"नाही."

त्यानं मला दोन शिव्या दिल्या. मग त्याला ही दिसली. तो खिडकीशी गेला आणि खाली ओरडला, "शिडी लावा! दुसरी वर द्या, दोर पण!"

गोधडी अंथरून हिला शिडीवर निजवलं, बांधलं आणि खिडकीतून बेतानं खाली सोडलं. मी खाली येऊन तिचा हात धरला. आळीत एकही ठोका ऐकू येत नव्हता. तिनं डोळे उघडले.

"कोण गेलं हो?"

"कुणी नाही."

"मग हातोड्या?"

"तुझ्यासाठी थांबवल्यात," मी म्हणालो. "तू दवाखान्यात चाललीस ना."

तिनं दोरातून हात सोडवून घेतले आणि दोन्हीकडच्या दारांना हात जोडले. मोठा पंचही उभा होता तिथं. त्यानं खाली बघितलं.

दवाखान्याच्या पायरीवर जमादार मला म्हणाला, "चाचा, मला हे लिहून द्यावं लागणार. आगीची खोटी वर्दी दिली की शिक्षा आहे."

"लिही," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं. जमादाराला कुठून कळलं देव जाणे, खांदा द्यायला तो चार माणसं घेऊन आला. मी हट्टानं तिला आळीतून नेलं. हातोड्या चालू होत्या. एकसुद्धा थांबली नाही.

पुढं कोर्टात उभं राहिलो. वकील म्हणाला, "धूर दिसला म्हणा. तांबट आळीत धूर रोजचाच. सुटाल."

साहेबानं विचारलं, "आग होती?"

"नव्हती."

"तेव्हाच दुसरीकडे खरी आग लागली असती तर?"

"तर तिथलं घर जळलं असतं. ते पाप माझंच होतं."

"पस्तावा होतो?"

"होतो. दुपारपर्यंत थांबलो त्याचा. सकाळीच खोटं बोलायला पाहिजे होतं."

वकिलानं कपाळावर हात मारला. दंड, नाहीतर पंधरा दिवस कैद. मी कैद घेतली. घरी वाट बघणारं कोण होतं? तुरुंगात निदान शेजारचा चोर विचारायचा, "म्हातारबा, झोप लागली का?" सुटून आलो तेव्हा गोधडी घडी घालून दारात ठेवलेली होती. बंबवाल्यांनीच आणून दिली असावी. आळीतल्या कुणाचं ते काम नाही.

अजून ठोकायचं काम करतो. हात चालतात. पण दुपारी, तिला खाली उतरवलं त्या वेळेला, मी हातोडी बाजूला ठेवतो. आळी चालूच असते. माझी एक थांबली, तर कुणाला कळतही नाही. तिला उतरवायला जेवढा वेळ लागला होता तेवढा बसतो, आणि मग परत घागर मांडीवर घेतो.