उसनी ताकद

बाटलीतला थेंब आधी फुगतो, क्षणभर लोंबकळतो आणि मग नळीत पडतो. मी तेवढंच बघत पडून राहते. रक्ताचा कॅन्सर बरा झाला, पण रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं बनवणं माझं शरीर विसरलं. ती आता दर महिन्याला हॉस्पिटलात शिरेतून घ्यावी लागतात. कुणाकुणा अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेली. सुरुवातीला त्यांच्याबद्दल भरून यायचं. आता काहीच वाटत नाही.

मागच्या वेळी थेंब चालू असतानाच लेकीचा फोन आला.

"आई, बारसं तुझ्या सलाईननंतरच्या रविवारी ठेवलंय. आधी नको, तेव्हा तुझी ताकद उतरलेली असते."

"बरं," मी म्हटलं. नातीला मी तोवर फक्त फोनवर पाहिलं होतं.

रविवारी मास्क लावून गेले. पाहुणे पांगल्यावर लेकीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. डोळे भरतील असं वाटलं होतं. भरले नाहीत.

"हिला जपायला हवं गं, इतकी माणसं येऊन गेली," मी म्हटलं.

"माझी प्रतिद्रव्यं आहेत तिच्याजवळ. पोटातूनच घेऊन आलीय. काही महिने पुरतील, मग स्वतःची बनवेल."

म्हणजे सध्या आम्ही दोघीही दुसऱ्यांच्या ताकदीवर जगत होतो. ती शिकेल, मी बहुधा नाही. हे कळूनही आत काही हललं नाही. पण लेकीनं बाळ घ्यायला हात पुढे केले, तेव्हा मी म्हणाले, "राहू दे गं अजून थोडा वेळ."